जोडाक्षरांसाठी

कार्डिफच्या लायब्ररीत माझ्या शेजारी रोज एक रिटायर्ड मराठी डॉक्टर लॅपटॉप घेऊन बसायचे. नाव मी कधी विचारलं नाही. त्यांच्या साताऱ्याच्या बहिणीची नजर अधू झाली होती, म्हणून तिला मोठ्या अक्षरांत पत्र छापून पाठवायचं होतं. पण त्यांच्या लॅपटॉपवरच्या लिनक्स या संगणकप्रणालीच्या जुन्या आवृत्तीत जोडाक्षरं फुटायची. नवं सॉफ्टवेअर मिळावं म्हणून त्यांनी सतत अपडेट होत राहणारं लिनक्स टाकलं. एका अपडेटनंतर स्क्रीन काळीच झाली.

"जुनंच परत टाका ना, काका," मी म्हटलं.

चष्मा कपाळावर सरकवत ते म्हणाले, "जुनं बिघडत नाही गं, पण सुधारतही नाही. हे बिघडलं तर मी दुरुस्त करेन."

आठवडाभर ते झगडले. शेवटी स्क्रीनवर 'ज्येष्ठ' अखंड उमटलं. पत्र छापून झालं आणि त्यांनी लगेच पुढचं अपडेट सुरू केलं. श्वास रोखून मीच बसले होते.