पैकीच्या पैकी मार्क

समजा, भरतीचं पाणी घरात शिरून नुकतंच ओसरलंय. एक बाई पदर खोचून स्वयंपाकघरातला गाळ फावड्याने ओढतेय. तुम्ही चपला हातात धरून उंबऱ्यात उभे आहात आणि तुम्हाला तिला विचारायचंय, "संकटातून सावरण्याची तुमच्या कुटुंबाची क्षमता किती? एक ते पाच यांत सांगा." चेहरा हसरा ठेवायचा, प्रशिक्षणात तसं शिकवलेलं असतं. विचाराल?

या गोष्टीतल्या मुलीने विचारलं, घरोघर जाऊन. तिला पीएच.डी.साठी फेलोशिप होती आणि विषय होता किनाऱ्यावरच्या वस्त्यांची तग धरण्याची क्षमता आणि त्यासाठीची सरकारी धोरणं. विषय सांगून होईस्तोवर ऐकणारा जांभई देई, म्हणून तिचे बाबा लोकांना थोडक्यात सांगत, "पोरगी समुद्राची डॉक्टर होतेय." बाबा इलेक्ट्रिशियन. घरात कॉलेजची पायरी चढलेली ती पहिलीच.

खाडीच्या तोंडाशी असलेली ती वस्ती तिच्या मावशीची. गाईडबाईंनी तिला निवडलं तेच त्यामुळे. "बाहेरच्याला लोक दारातूनच वाटेला लावतात. तू आतली आहेस. सोनं आहेस तू."

उत्तरं आली ती डोळे दिपवणारी. ज्या गल्लीत दर मोठ्या भरतीला पाणी, तिथेच प्रत्येक घराने पाचपैकी पाच दिलेले. तिला जरा खटकलं होतं. पण गाईडबाई आलेखावर इतक्या खूश झाल्या, की तिने ते खटकणं गिळलं. पुढे निधी देणाऱ्या संस्थेने मोठा कार्यक्रम ठेवला. वातानुकूलित हॉल, भिंतीएवढा फोटो. फोटोत मावशी घोटाभर पाण्यात उभी राहून हसतेय आणि खाली छापलंय, 'जिद्दीची वस्ती'. पाहुणे त्या फोटोपुढे कॉफीचे कप घेऊन उभे राहत, मान डोलावत आणि पुढच्या टेबलावरचा केक उचलत. ती बेसिनवर जाऊन तोंड धुऊन आली.

महिन्याभरात कळलं, की समुद्राकडच्या संरक्षक भिंतीच्या यादीतून वस्ती गळाली. भिंती बांधणाऱ्या सरकारी कार्यालयाने तिचाच अहवाल पुढे केला होता. पैसा मोजका, तो कमजोर वस्त्यांना आधी. ही तर सगळ्यांत तगडी.

ती तशीच मावशीकडे गेली.

"मावशी, तू पाच कसे दिलेस गं? मागच्या पावसात तुझा गहू वाहून गेला, आजोबांना खाटेसकट उचलून नेलं."

"अगं, तुझी परीक्षा ना ती? मी गल्लीभर फिरून सांगून आले, पोरगी आपली आहे, मार्क द्यायला हात आखडू नका."

ओट्यावर जाळं शिवत बसलेले शेजारचे काका मान वर न करता म्हणाले, "मी तर सहा देत होतो. तुझं मशीनच घेईना."

"आणि पुढच्या गल्लीतली ती कुचकट," मावशी म्हणाली, "चार देत होती. म्हटलं, तुझ्या पोराच्या वेळी बघते."

तिला हसू आलं आणि त्याच घटकेला स्वतःची किळस आली. एवढा मोठा निर्देशांक, त्याची समीकरणं रात्रंदिवस तपासलेली, आणि प्रश्न समोरच्याला काय वाटतो, एवढंच विचारायचं राहिलं.

गाईडबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "शोधनिबंध छापून आलाय. पुढच्या निबंधात 'मर्यादा' या भागात एक ओळ घालू."

"मॅडम, भिंत गेली त्यांची."

"धोरण कार्यालय ठरवतं, आपण नाही."

"मग मी पुन्हा सर्व्हे करते."

"तू? तुझी मावशी राहते तिथे. हितसंबंध आडवे येतात."

सोनं होतं ते इतक्यात लोखंड झालं. बाईंनी रुमालाने चष्मा पुसला, आणि त्या स्वच्छ, सुवासिक रुमालाकडे बघून तिला तिथून उठून जावंसं वाटलं. ती उठलीच. त्याच दुपारी तिने कार्यालयाला स्वतःच्या सहीने कळवलं, की या वस्तीचे आकडे चुकीचे आहेत, ते वापरू नयेत. फेलोशिपचं काय होईल हे बाबांनी विचारलं, तोवर पत्र गेलेलं होतं.

कार्यालयातल्या अभियंत्याचा फोन आला. माणूस सरळ होता. "चुकीचे आहेत हे मान्य. यादी अजून फिरवता येईल. मग खरे आकडे द्या ना."

ती पुन्हा वस्तीत गेली. बातमी तिच्याआधी पोचली होती. मावशी दारातच उभी.

"कळलं बाई सगळं. कमी मार्क दिले की भिंत मिळते. गल्लीत सांगून ठेवलंय, सगळे शून्य देणार. काका तर उणे द्यायचं म्हणतायत."

"मावशी, शून्य पण खोटंच ना?"

"मग तूच सांग किती हवेत. आम्हाला काय, तू म्हणशील ते."

ती पायरीवर बसली. टॅब मांडीवर, पडदा काळा. आत मावशीच्या भिंतीवर पाण्याची तपकिरी रेघ होती, तिच्याखाली जुन्या पाण्याची दुसरी. भाचीला पास करायचं नाही, भिंतही मिळवायची नाही, नुसतं खरं काय ते सांगावं असं मावशीला वाटेल, असा प्रश्न विचारायचा तरी कसा?