जुन्या तोंडवळ्याचा कॅमेरा

लेकीने तीन दिवस खपून एका कागदावर दोन कॅमेऱ्यांची तुलना लिहून काढली होती. दुकानात शिरल्यावर पाच मिनिटांत मी त्या कागदाची घडी करून खिशात टाकली.

तेलगावात माझा फोटो स्टुडिओ आहे. पस्तीस वर्षं लग्नाचे फोटो काढतोय. लेक अल्बम करते, व्हिडिओ जोडते, आणि मशिनीच्या बाबतीत घरात तिचाच शब्द चालतो. आमच्याकडच्या दोन कॅमेऱ्यांपैकी एकाने यंदा ऐन लग्नसराईच्या तोंडावर मान टाकली, तेव्हा नवा मिररलेस घ्यायचं ठरलं. तिचं म्हणणं, काळा घ्यायचा. दिसायला ठोकळा, पण हातात घट्ट बसतो, बॅटरी दिवसभर पुरते आणि आत दोन कार्डं असतात. एकच फोटो दोन जागी उतरतो, म्हणजे एक कार्ड बिघडलं तरी कुणाचं लग्न वाया जात नाही. यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं, म्हणून मी काढली नाही.

पण संभाजीनगरच्या त्या दुकानात काळ्याच्या शेजारी दुसरा ठेवला होता. वरून चंदेरी, अंगाला काळं चामडं, डोक्यावर तीन चकत्या. चकती फिरवली की कट्कट् वाजायची. मी उमेदवारीनंतर घेतलेला पहिला कॅमेरा हुबेहूब असाच दिसायचा. आतलं सगळं मात्र आजचं, फोटोही काळ्याच्या तोडीस तोड. फक्त कार्ड एकच, बोटांना पकड नाही आणि बॅटरी दुपारपर्यंतच पुरणारी. किंमत दोन्हींची सारखीच.

लेक म्हणाली, “पप्पा, हे चामडंबी नकली हाय.”

ती बरोबर बोलत होती, म्हणून मला जास्तच राग आला. हौसेला मोल नसतं, एवढंच म्हणालो आणि तोच घेतला. दुकानदार ओळखीचा. पंधरा दिवसांत ओरखडा न पाडता आणलात तर बदलून काळा देतो, म्हणाला. लेकीने ती मुदत लगेच मोबाइलमध्ये टाकली आणि परतीच्या वाटेवर गेवराई येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली.

पुढचे चार दिवस माझे फार मजेत गेले, हे कबूल करतो. सकाळी चहा घेताना कॅमेरा मांडीवर, काम नसलं तरी चकत्या फिरवतोय. बायको म्हणाली, नातवंडाला सुद्धा कुणी इतकं घेऊन बसत नाही. मला तरुण झाल्यासारखं वाटत होतं. या वयात असं वाटायला माणूस याहून मोठा खर्च करतो.

पाचव्या दिवशी युसूफ वडगावला एका बागायतदाराच्या घरचं लग्न होतं. यजमान राजकारणातले, माझ्याच वयाचे, ओळख जुनी. त्यांनी माझ्या हातात बघितलं आणि चारचौघांत विचारलं, “काय बे, ह्यो जुनाट डबा कावून आणलास? नवा इकला का?”

नवाच आहे, महाग आहे, हे सांगून पाहिलं. त्यांना पटलं नाही. त्यांच्या स्टेजवर मोठ्या नळीचा मोठा कॅमेरा दिसायला हवा होता. मग लेकीच्या गळ्यातला आमचा जुना काळा मी घेतला आणि माझा चंदेरी तिला दिला. दुभत्या गाईच्या लाथा गोड. वर मंगलाष्टकं संपायच्या आत चंदेरीची बॅटरी बसली. लेकीने तो माझ्या पिशवीत ठेवला आणि मोबाइलमध्ये टाकलेली मुदत मला दाखवली.

त्या रात्रीच बदलून आणायचं मी मनात पक्कं केलं होतं. पण आठवडाभर माझा उतरलेला चेहरा बघून लेकच विरघळली. बाराव्या दिवशी म्हणाली, ठेवा, दोन बॅटऱ्या जादा घेऊ, कार्ड रोजच्या रोज मी उतरवून घेत जाईन, तुम्हाला आवडतोय ना. झालं. मी खोकं माळ्यावर टाकायलाच निघालो होतो.

तेराव्या दिवशी तेलगावपासून सहा-सात किलोमीटरवरच्या वस्तीवर लग्न होतं. ऊसतोडीचं कुटुंब. कर्नाटकातल्या कारखान्यावरून परतून त्यांना महिना झाला होता, आणि धाकटी मुलगी उजवायची राहिली होती. घरापुढेच मांडव. मी चंदेरी घेतला, लेकीकडे आमचा जुना काळा. हळदीला बसलेल्या नवरीजवळ तिची आई उभी होती, पन्नाशीच्या आतली, उन्हाने रापलेली. दोघींचा फोटो घ्यावा म्हणून कॅमेरा डोळ्याला लावला, तर बाईने मुलीच्या तोंडापुढे हात धरला.

“ह्याच्यात रोल हाय का?”

बायका हसल्या. मीही हसलो. ताई, आता रोल नसतो, हा दिसतो जुना पण नवा आहे, असं म्हणत मागचा पडदा तिच्यापुढे केला. तिने पडद्याकडे पाहिलं नाही. आधी कॅमेऱ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मला थोडं बाजूला घेऊन म्हणाली, “माझ्या लग्नात बी असाच व्हता. तुमीच व्हते.”

तिने बापाच्या मालकाचं आडनाव सांगितलं तेव्हा मला मांडव आठवला. तीस वर्षं झाली असतील. तिचा बाप त्या घरी सालगडी होता. मालकाच्या मुलीचं लग्न होतं, त्याच मांडवात, त्याच जेवणावळीत सालगड्याच्या मुलीचंही उरकून घेतलं होतं. तशी रीतच होती. गरिबाचा खर्च वाचायचा आणि मालकाला पुण्य लागायचं. मला रोल दिले होते दोन, तेही मालकाच्या मुलीसाठी. जाता जाता मालक म्हणाले, त्यांचेही काढ दोन-चार.

त्या काळी अशा वेळी काय करायचं हे आम्हा सगळ्या फोटोवाल्यांना पाठ होतं. रोल जपायचा आणि नुसता फ्लॅश मारायचा. लख्ख उजेड पडला की समोरचा खूश. पुढे कुणी फोटो मागायला आलंच, तर रोलला उजेड लागला म्हणून सांगायचं. हा किस्सा मी कितीतरी बैठकींत रंगवून सांगितला आहे. लेकीलाही सांगितला होता, तीही हसली होती.

बाई म्हणाली, तिचा बाप फोटोसाठी तीनदा माझ्या दुकानात चालत आला होता. तिसऱ्यांदा मी त्याला उजेडाचं सांगितलं. मला तो माणूस आठवेना. न आठवण्याचीच मला सगळ्यात जास्त लाज वाटली.

“ताई,” मी म्हणालो, “रोलला उजेड लागला नव्हता. तुमचे फोटो मी काढलेच नव्हते.”

“मला तवाच म्हाईत व्हतं,” ती म्हणाली. “मालकाच्या पोरीचा फोटू काढला की तुमी अंगठ्यानं पट्टी वढायचे, मग दुसरा काढायचे. आमच्या टायमाला पट्टी वढलीच न्हाई.”

ती पट्टी ओढल्याशिवाय रोल पुढे सरकत नाही. मग उभ्या का राहिलात, असं मी विचारलं. मी विचारायला नको होतं.

“बाप समोर व्हता. पोरीचे फोटू निघाले म्हणून लई खूश झालता. त्याला काय सांगू? तीन येळा तुमच्याकडं आला, तरी सांगितलं न्हाई.”

एवढं बोलून तिने लेकीच्या गळ्यातल्या काळ्या कॅमेऱ्याकडे बोट केलं. पोरीचे फोटो त्याने काढायचे, म्हणाली. मी चंदेरी पिशवीत टाकला. हळद, अक्षता, सप्तपदी, सगळं काळ्याने काढलं. लेकीने डोळ्यांनी विचारलं, मी नंतर सांगतो म्हणालो.

पंगती बसल्यावर ती बाई आपल्या नवऱ्याला घेऊन माझ्यापुढे येऊन उभी राहिली. पदर सारखा केला. मी काळ्यानेच फोटो काढला आणि पडद्यावर दाखवला. ह्यो पुसता येतो का, असं तिने विचारलं. येतो, म्हणालो. मग कागदावर द्या, आजच, म्हणाली. लग्नाचे फोटो आम्ही महिन्याने देतो. ते मी तिला सांगितलं नाही.

कार्ड आणि पिशवी घेऊन मोटरसायकलवर तेलगाव गाठलं. प्रिंटर चालू होता तेवढ्यात चंदेरी कॅमेरा फडक्याने पुसून खोक्यात ठेवला, पावतीही आत टाकली. ओरखडा कुठेच नव्हता. मला ते जुने दिवस आवडायचे, कारण मी त्या कॅमेऱ्याच्या मागे होतो. पुढे कोण उभं होतं हे आजवर मनातच आलं नव्हतं. लेकीला फोन करून सांगितलं, उद्या सकाळच्या गाडीने जाऊन काळाच घेऊन येऊ. चौदावा दिवस आहे, चालेल, म्हणाली.

मी परत पोचलो तेव्हा पाठवणीची गाडी लागली होती. बाई भांड्यांपाशी हात धूत होती. हात पदराला पुसून तिने फोटो कडेकडेने धरला, उलटा करून मागची बाजू बघितली, परत सुलटा केला आणि नवऱ्याला हाक मारली.

“ह्या टायमाला आला,” ती त्याला म्हणाली. मग फोटो झंपरात ठेवता ठेवता, माझ्याकडे न बघता म्हणाली, “बाप असता तर दावला असता.”