दहिवर वाळायच्या आधी

पहिल्या कथासंग्रहाला पुरस्कार मिळाला आणि माझी मान अशी ताठ झाली की खाली बघायची सोयच उरली नाही. स्टाफरूममध्ये कुणी दुसऱ्या लेखकाचं कौतुक केलं, की मी चहाच्या कपात बघत बसायचो. त्याच दिवसांत मेंढपाळांवरची माझी कादंबरी लिहून झाली. प्रकाशक थांबला होता फक्त प्रस्तावनेसाठी, आणि मला ती हवी होती धारूरच्या गुरुजींचीच.

गुरुजी निवृत्त प्राथमिक शिक्षक. मेंढपाळांवरचं त्यांचं पहिलं पुस्तक वाचून आमच्या भागातली निम्मी पोरं लिहायला लागली, मीही त्यातलाच. पुढे त्यांनी स्वतःला एक रीत लावून घेतली. ज्याच्या कामाबद्दल लिहिलं, त्याला बसवून ते आधी वाचून दाखवायचं. गवंड्याची गोष्ट गवंड्याला, सुइणीची सुइणीला. मी हस्तलिखित पुढे ठेवलं तेव्हा म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं? चला, मामाला ऐकवू."

मामा म्हणजे डोंगराच्या कडेला वस्ती करून राहणारा मेंढपाळ. सही करायची तर अंगठा. विद्यापीठातल्या दोन समीक्षकांनी वाखाणलेली माझी कादंबरी याच्यापुढे परीक्षेला बसणार, या विचारानेच माझं डोकं फिरलं होतं. पण प्रस्तावना हवी होती, म्हणून गेलो.

पहिलं पान माझं लाडकं. सूर्य वर येतोय, गवतावर दहिवराचे थेंब चमकतायत आणि मेंढरं वाड्यातून बाहेर पडतायत. मी घोळवून घोळवून वाचलं. लोकर कातता कातता मामा म्हणाला, "दहिवर वाळल्याबिगर कोण सोडतंय मेंढरं? वलं गवत खाल्लं की आजारी पडत्यात."

माझे कान तापले. मी लगेच गुरुजींकडे वळलो. "तुमच्या पुस्तकातही मेंढरं दहिवरातच सुटतात, गुरुजी." खरं तर मी ते तिथूनच उचललं होतं. सकाळी वाड्यापाशी मी एकदाही गेलो नव्हतो.

गुरुजींनी चष्मा काढला. "मामा, खरंच न्हाई सोडत?"

"न्हाई."

"मग इतकी वर्सं मला कावून न्हाई सांगितलं?"

"तुमी कवा वाचून दावलं मला ते?"

गुरुजी खळखळून हसले. "बराबर हाय. पयलं पुस्तक ते. तवा मला सगळं कळत हुतं."

गुरुजींच्या पुस्तकातलं ते पान कॉलेजात शिकवलं जात होतं. मी स्वतः शिकवलं होतं. गुरुजींनी माझ्याकडून पेन घेतलं आणि खिशातल्या वहीत चूक टिपून ठेवली. त्यांच्या चेहऱ्यावर कुठे आंबटपणा दिसतो का, हे मी बारकाईने पाहिलं. दिसला नाही. त्या क्षणी मला त्यांचा अभिमान वाटला, आणि हेवाही.

नंतर मी चार दिवस सकाळी मामाच्या वाड्यावर बसलो आणि ते पान नव्याने लिहिलं. गुरुजींची प्रस्तावना आली. त्यांनी लिहिलं होतं, 'माझ्या पुस्तकात मी मेंढरं दहिवरात सोडली, ती माझी चूक. या तरुण लेखकाने ती वेळेवर सोडली आहेत.' माझ्या पहिल्या खर्ड्याबद्दल एक अक्षर नव्हतं.

अंबाजोगाईला प्रकाशन झालं. प्रमुख पाहुण्यांनी प्रस्तावनेतल्या त्या ओळी वाचून दाखवल्या आणि म्हणाले, गुरुजींची चूक पकडणारा लेखक आपल्या तालुक्यात निपजला. सभागृहात टाळ्या पडल्या. समोर बसलेले गुरुजी सगळ्यांत जास्त वेळ टाळ्या वाजवत होते.

मग माईक माझ्याकडे आला. एकच वाक्य बोलायचं होतं, की चूक पकडली ती मामाने. मी प्रकाशकाचे आभार मानले, मुद्रकाचे मानले, मंडपवाल्याचेही मानले आणि खाली बसलो.

जाताना गुरुजींनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "थोडक्यात बोलला," ते मनापासून म्हणाले, "लई ब्येस केलं."