फिरवलेला मॉनिटर

चकलांब्याच्या स्टँडजवळ मिलिंदभाऊंचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं. फॉर्म भरला की ते मॉनिटर गर्रकन गिऱ्हाइकाकडे फिरवत. "वाच. येत न्हाई? मग मी वाचतो, तू आइक." ओळ न ओळ वाचून झाली की माऊस त्याच्या हातात देत. "फॉर्म तुजा हाय, बटन तूच दाब." बाहेर रांग कितीही वाढो.

मी पुण्यातली नोकरी घालवून परतलेला इंजिनिअर. भाऊंनी मला कामावर ठेवलं. मी मनातल्या मनात त्यांना कामावरून काढून मोकळा झालो होतो.

"भाऊ, स्क्रिप्ट लिहितो. यादी दिली की वेबसाइट आपोआप उघडते, रकाने भरते, बटणसुद्धा दाबते."

"आन् वाचतं कोन बे?"

मी हसलो. त्या हसण्यानं आजही कान गरम होतात.

अकरावीच्या फॉर्मच्या शेवटच्या दिवशी भाऊ डायलिसिससाठी बीडला गेले होते. "कागदं ठेवून जा, काम होऊन जाईल," असं सांगून मी चाळीस जणांना ऐटीत घरी धाडलं, स्क्रिप्ट सोडली आणि समोर चहा प्यायला गेलो. परतलो तर पडद्यावर ओळीनं 'यशस्वी'.

वेबसाइट त्या दिवशी रखडत होती. 'वसतिगृह हवे का?' या रकान्यात आधीपासूनच 'नाही' असायचं. तिथं 'हो' निवडायचे पर्याय उघडेपर्यंत माझी स्क्रिप्ट थांबलीच नाही. चाळीसही फॉर्म 'नाही' घेऊनच गेले.

प्रवेशाची यादी लागली, वसतिगृहात कुणाचंच नाव नव्हतं, तेव्हा लोक दुकानात घुसले. त्या चाळिसांतल्या सुनीताचे आईबाप दरसाल ऊसतोडीला जायचे. बाप म्हणाला, "आमी कारखान्यावर. पोरगी कुनापाशी ठिऊ?"

हाताला पट्टी बांधलेले भाऊ पुढं झाले. "फॉर्म म्या भरले. वाचून दावायचं राहिलं."

मी गप्प. तेवढं एक काम मला स्क्रिप्टविना जमलं.

लोक गेल्यावर भाऊंनी एवढंच विचारलं, "तुजी मशीन किती थांबती?"

"दोन सेकंद."

"लई घाई हाय बे तुला. कुठं जायचंय?"

दिवाळीआधीच सुनीता शाळा सोडून ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेली. हंगाम संपायच्या आत भाऊ वारले. दुकान मी चालवतो.

यंदा सुनीता धाकट्या भावाचा फॉर्म घेऊन आली. मी मॉनिटर फिरवला. तिनं बोट ठेवून सगळं वाचलं. वसतिगृहाच्या रकान्यावर बोट बराच वेळ राहिलं.

"मिलिंदकाकांनी माजा असा दावला न्हाई," ती म्हणाली. "तुमी बरं दावता."

सांगायला हीच वेळ होती. मी माऊस तिच्याकडे सरकवला.

"फॉर्म तुमच्या घरचा आहे," मी म्हणालो, "बटण तूच दाब."