बाकाचं डावं टोक

डोक्यातल्या गाठीवर मुंबईत किरणांचे उपचार घेऊन मी परतूरला परतलो, तेव्हा कपाळावर, उपचारांवेळी डोकं हलू नये म्हणून बसवलेल्या फ्रेमच्या स्क्रूंचे दोन बारीक व्रण होते. स्टेशनवर एका शेतकऱ्यानं ते पाहिले आणि टोपी वर सरकवून स्वतःचे जुने व्रण दाखवले. माझ्यासारखाच त्याचाही डावा कान गाठीमुळे ऐकेनासा झाला होता. त्यामुळे दर बाजारी स्टेशनवर भेटलो की दोघंही तिथल्या बाकाच्या डाव्या टोकाकडे वळायचो. सोबतचा माणूस उजवीकडे असला तरच ऐकू यायचं. शेवटी तो मलाच तिथं बसवायचा.

"नव्या पेशंटला ऐकू आलं पायजे. तुम्ही काय बोलणार ते मला ठावं हाये."

गाठ पुन्हा वाढेल ही भीती मी घरी कुणाला सांगितली नाही. त्याच्या बहिऱ्या कानाशी मात्र बोलत राहिलो. ऐकू येत नसूनही तो बरोबर हव्या त्या जागी मान हलवायचा.