किब्वाना मिस्त्री आणि गंजलेलं कव्हर

किब्वाना मिस्त्रीच्या तोंडी लागू नये, असं पांगानी बंदरात सगळे म्हणायचे आणि तरी सगळे त्याच्याकडेच जायचे. कारण खारा वारा. नदीच्या मुखाशी राहणाऱ्या माणसाच्या मोटारसायकलला हा वारा आधी इंजिनच्या कव्हरच्या बोल्टांतून खायला लागतो. कव्हर ॲल्युमिनियमचं, बोल्ट लोखंडाचे. मध्ये मीठ शिरलं की दोघं एकमेकांना असे चावून बसतात की सोडवायला गेलं तर एकाचा तरी जीव जातो. बाकीचे मिस्त्री असा बोल्ट दिसला की पेचकस लावून जोर करायचे आणि डोकं झिजून गुळगुळीत झालं की नशिबाला दोष द्यायचे. किब्वाना आधी बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे नेमके घाव घालायचा. मग रॉकेल आणि गिअरचं तेल सोडायचा, फुंकदिव्याच्या ज्योतीनं बोल्टभोवतीचं कव्हर तापवायचा, आणि हे चालू असताना गाडीवाल्याच्या सात पिढ्या उद्धरायचा.

"गाडी घेतलीस, पण हिला अंघोळ घालायची असते हे तुझ्या आईनं सांगितलं नाही का? का तुलाही नाही घातली कधी?"

लोक हसायचे. गाडीवालाही ओशाळून हसायचा, कारण गाडी उघडून पडलेली असायची.

त्याच्या हाताखाली बरेच जण आले आणि पळाले. टिकला एकटा म्हिना. बोंडेई लोकांच्या एका गावातून आलेला हा माणूस, फारसं न बोलणारा. शिकत असताना एकदा त्यानं एका बोल्टचं डोकं तोडलं. किब्वानानं राहिलेला तुकडा तापवून पक्कडीनं बाहेर काढला, म्हिनाच्या तळहातावर ठेवला, "धर, तुझी कमाई," म्हणाला आणि वरून आपल्या मुठीनं त्याची मूठ दाबून धरली. म्हिना ओरडला नाही. त्याचंच किब्वानाला फार कौतुक वाटलं. पुढं कितीतरी लग्नांत पिलाव खाताना तो हा किस्सा सांगायचा. म्हिना पंगतीत असला तर त्याला हात वर करून डाग दाखवायला लावायचा. म्हिना दाखवायचा.

मग किब्वानाचे हात कापायला लागले. आधी उजवा, मग दोन्ही. चहाचा कप बशीवर वाजायचा. पेचकस बोल्टच्या खाचेत बसायला वेळ लागायचा, आणि बसला तरी निसटायचा. म्हिनानं रस्त्यापलीकडं पत्र्याचं दुकान टाकलं, हवेचा पंप आणला. एकेक करून भाड्यानं मोटारसायकल चालवणारी सगळी पोरं तिकडं वळली. किब्वाना फेरीबोटीच्या धक्क्याजवळच्या कडुनिंबाखाली रिकाम्या खोक्यावर बसून राहायचा. हत्यारं रोज मांडायचा, पुसायचा आणि संध्याकाळी उचलायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला शिव्या घालायचं काम तेवढं चालू होतं.

अशा एका सकाळी न्गोडा नावाचा मोटारसायकलवाला हातगाडीवर एक जुनी जपानी मोटारसायकल घालून घेऊन आला. टाकीचा रंग उडालेला, आसन फाटलेलं, आणि इंजिनच्या उजव्या बाजूचे सगळे बोल्ट तांबडे होऊन फुगलेले.

"मिस्त्री, टांगा शहरातल्या एका माणसाची आहे," न्गोडा म्हणाला. "मेलेल्या बापाची गाडी. त्याला ती चालू झालेली बघायचीय. म्हिनाकडं नेली होती. तो म्हणाला, ह्या बोल्टांना माझा हात लागणार नाही. पांगानीत हे काम एकच माणूस करू शकतो, माझा उस्ताद."

किब्वानानं हातातलं फडकं खाली ठेवलं. टोपी काढली, झटकली, परत घातली.

"म्हिना असं म्हणाला?"

"त्याच्या तोंडचे शब्द."

"ठेव तिथं. सावलीत नको, उजेडात ठेव. आणि तू दूर हो, तुझ्या अंगाला मासळीचा वास येतोय."

बायको म्वान्तुमु कसाव्याच्या कंदाचे उकडलेले तुकडे घेऊन आली, तोवर त्याचे अर्धेअधिक बोल्ट ठोकून झाले होते. सून आणून नातवंडं झालेली बाई, पण नवऱ्यापुढं बसायची ती अजून दोन हात लांबच. तिनं गाडी बघितली, इंजिनखाली ठेवलेली थाळी बघितली. थाळीत तांबूस पाण्याचे चार थेंब होते.

"अहो, तेल काढलंत का हिचं?"

"काढलं."

"मग गेलं कुठं?"

"वाळलं असेल. वर्षानुवर्षं उभी होती."

"तेल वाळतं होय?" ती हळूच म्हणाली. "आणि म्हिनानं तुमची स्तुती केली म्हणे. त्या म्हिनानं?"

"तू तुझं उगालीचं पीठ ढवळ," किब्वाना म्हणाला. "चुलीपलीकडचं जग तुझ्या डोक्यात मावत नाही. मावलं असतं तर तुझ्या बापानं तुला एवढ्या स्वस्तात दिली नसती."

धक्क्यावर फेरीची वाट बघत असलेले दोघंतिघं हसले. म्वान्तुमुनं ताटली ठेवली आणि वाळूत बसली.

खरं तर क्लचची वायर तुटून लोंबतेय, हे किब्वानानंही बघितलं होतं. किकचा दांडा हातानं फिरवला तेव्हा तो कशालाच न अडता गर्रकन फिरला होता, हेही त्याला कळलं होतं. दुसरा कुणी असं काम घेऊन बसला असता तर किब्वानानं लांबूनच त्याला धुऊन काढलं असतं. पण म्हिनानं उस्ताद म्हटलं होतं, आणि माणसं जमायला लागली होती. कॉफीवाला आपली किटली घेऊन तिथंच येऊन बसला. मोटारसायकलवाले गाड्या आडव्या लावून त्यांवर बसले. बऱ्याच दिवसांनी किब्वानाच्या भोवती गर्दी झाली होती. त्याची जीभ सैल सुटली.

"बघा रे, बघून घ्या. तुमच्या म्हिनाला पंपानं हवा भरता येते. फुग्यात. हे बघ, बोल्ट असा विचारायचा असतो. 'येतोस का, बाबा?' नाही म्हणाला, तर आणखी एक ठोका. परत विचारायचं."

बोल्ट येत होते. कुठं पेचकस लागला, कुठं छिन्नी कडेवर लावून हलके ठोके मारत डोकं उलटं फिरवावं लागलं. हात कापायचे, त्यामुळं चारपैकी एखादाच ठोका जागेवर बसायचा. दोनदा हातोडी अंगठ्यावर आली. अंगठ्याचं रक्त त्यानं विजारीला पुसलं. प्रत्येक बोल्ट निघाला की पोरं टाळ्या वाजवायची, आणि किब्वाना न बघितल्यासारखं करायचा.

शेवटचा राहिला तो खाली, खोल खोबणीत. त्याच्यापर्यंत छिन्नी पोचत नव्हती, आणि खाच तर गंजानं पार खाल्लेली. आता डोकंच ड्रिलनं कोरून काढायचं, म्हणजे कव्हर सुटेल आणि उरलेला तुकडा मागून पक्कडीत धरता येईल. किब्वानाकडं हातानं फिरवायचं जुनं ड्रिल होतं. त्यानं ते टेकवलं आणि त्याचं टोक बोल्टवरून घसरून कव्हरवर ओरखडा काढत गेलं. परत टेकवलं. परत घसरलं.

"मिस्त्री, बोल्ट नाचतोय का तुम्ही?" मागून कुणीतरी विचारलं.

ह्या वेळचं हसणं वेगळं होतं. किब्वानाला ते कळलं. त्यानं मान न वळवता म्हटलं, "म्वान्तुमु. इकडं ये. वरची मूठ धर."

तिनं अंगावर गुंडाळलेल्या कांग्याचा पदर कमरेला खोचला, गुडघे वाळूत टेकले आणि दोन्ही हातांनी ड्रिलची मूठ धरून छातीचा भार दिला. तो कडेची दांडी फिरवत राहिला. दोघांची डोकी जवळजवळ आली होती. तिच्या कपाळावरून घाम गळून इंजिनवर पडत होता.

"सरळ धर, म्हशी. लाटणं नाही ते."

"सरळच आहे."

"तोंड बंद ठेव आणि धर."

लोखंडाचा भुगा निघायला लागला. बराच वेळ निघत राहिला. मग कट्‌ असा आवाज होऊन डोकं सुटलं, आणि पोरांनी आरोळी ठोकली.

आता घाई करायची नव्हती. किब्वानानं आपल्या पत्र्याच्या डब्यातून एक चिंधी काढली. तिच्यात नवे स्टीलचे बोल्ट होते, न गंजणारे. मोंबासाच्या एका बोटवाल्यानं कधीकाळी खूश होऊन दिलेले. आजवर कुणाच्याच गाडीला त्यानं ते लावले नव्हते, ह्या गाड्यांची ती लायकी नाही म्हणायचा. त्यानं ते एकेक करून फळकुटावर मांडले, लांब लांबाजवळ, आखूड आखूडाजवळ, ज्या भोकात जायचे त्या क्रमानं. पॅकिंगसाठी जाड कागद कापून तयार ठेवला. आणि मग लाकडी ठोकळ्यानं कव्हरला कडेकडेनं हलके ठोके मारले.

कव्हर सुटून त्याच्या हातात आलं.

आत काही नव्हतं. क्लचच्या प्लेटा नव्हत्या, गिअरचं चाक नव्हतं, काहीच नव्हतं. नुसती काळी पोकळी, आणि तिच्या कोपऱ्यात कुंभारमाशीचं मातीचं घर.

मग न्गोडा आपल्या गाडीवरून खाली कोसळला, हसत हसत. कॉफीवाल्याची किटली कलंडली. सगळा धक्का हसत होता. फेरीतून उतरणारी, काय झालंय ते माहीत नसलेली माणसंसुद्धा हसायला लागली. ती गाडी म्हिनाच्या दुकानामागं खाडीच्या काठाला वर्षानुवर्षं पडली होती. तिच्यातलं कामाचं होतं ते सगळं म्हिनानं केव्हाच काढून विकलं होतं आणि कव्हर परत लावून टाकलं होतं. टांगाचा कुणी माणूस नव्हता आणि त्याचा मेलेला बापही नव्हता.

म्हिना रस्ता ओलांडून आला. तो हसत नव्हता. खाली वाकून त्यानं फळकुटाशेजारी पडलेला एक गंजलेला बोल्ट उचलला, नखानं त्याचे आटे तपासले.

"उस्ताद," तो म्हणाला, "बोल्ट मात्र सुरेख निघालेत."

किब्वानाच्या जिभेवर काहीतरी आलं असणार. आयुष्यभर आलं होतं. पण ते बाहेर पडायच्या आत त्याला अगदी कानाशी एक आवाज ऐकू आला आणि तो कसला आहे हे त्याला पटकन ओळखता आलं नाही, कारण त्यानं तो कधी ऐकलाच नव्हता. म्वान्तुमु हसत होती. आधी पदर तोंडावर दाबून, मग पदर सोडून. गुडघ्यांवरून तिचा तोल गेला, वाळूत मागं बसली आणि पोट धरून हसत राहिली.

"तेल!" तिला धाप लागली होती. "तेल वाळलं म्हणे! मी... मी तेव्हाच..."

"ऊठ," किब्वाना म्हणाला.

तिला उठायचं होतं. चेहऱ्यावर भीतीही दिसत होती. पण हसणं थांबेना. त्यानं फळकुटावरचे नवे बोल्ट चिंधीत भरायला घेतले आणि हात असे कापत होते की अर्धे वाळूत पडले. कुणी उचलून दिले नाहीत. तिनं एक उचलला, नवऱ्याकडं बघितलं आणि पुन्हा हसत सुटली.

घरी आल्यावर त्यानं तिच्यावर हात उगारला. शिव्या रोजच्या होत्या, हात मात्र कधी उगारला नव्हता. हात हवेतच थरथरत राहिला. म्वान्तुमु मागं सरली नाही. त्या थरथरणाऱ्या हाताकडं ती नुसती बघत राहिली, चुलीवर दूध उतू जाईल का बघावं तशी. त्यानं हात खाली घेतला.

त्यानंतर तो कडुनिंबाखाली गेला नाही. न्गोडा एकदा दारात येऊन, "मिस्त्री, चेष्टा होती हो," म्हणून गेला. त्याच्या अंगावर किब्वानानं चपला फेकल्या. कव्हर नसलेली ती गाडी तशीच धक्क्यावर उभी राहिली आणि पोरांनी तिच्या पोकळीत सिगारेटची थोटकं टाकली.

हत्यारं म्वान्तुमुनं विकली. म्हिनालाच. कडुनिंबाखालच्या त्याच्या जागेवर तिनं चूल मांडली, कढई चढवली आणि मासे तळायला घेतले. गिऱ्हाईक पहिल्या दिवसापासून तुटून पडलं. मासे चांगले होतेच, पण गोष्ट जास्त चांगली होती. मासा तळून होईतो ती सांगायची. किब्वाना कव्हर कसा उचलतो, त्याचं तोंड कसं होतं, हात कसे हलतात, सगळं झाऱ्यानं करून दाखवायची. दर खेपेला गोष्टीत थोडी भर पडायची. कुंभारमाशीच्या घराच्या जागी आता साळुंकीचं घरटं आलं होतं, पिल्लांसकट. म्हिनाही तिथंच जेवायचा. तो ऐकायचा, खायचा, हात धुवायचा आणि जायचा.

घरी एकट्याला जेवण मिळेना, म्हणून किब्वाना दुपारी तिथं येऊन बसायला लागला. कढईमागं, धक्क्याच्या भिंतीला टेकून. त्याच्यासमोरच ती गोष्ट व्हायची. पहिल्यांदा तिनं त्याच्याकडं तिरक्या नजरेनं बघून आवाज जरा खाली आणला होता. पुढं तेही बंद झालं. तो ताटलीत बघून काटे काढत राहायचा.

मग धक्क्यावरची माणसं बदलली. न्गोडा दार-एस-सलामला गेला, दुसरे आले. त्यांना त्या गोष्टीतला मिस्त्री हा कुणी जुना, केव्हाच मेलेला माणूस वाटायचा आणि म्वान्तुमुही खुलासा करायची नाही. भिंतीशी बसलेला म्हातारा त्यांच्या लेखी मासेवालीचा नवरा होता, इतकंच. एक नवा मोटारसायकलवाला एकदा बोटं चाटत म्हणाला, "ए बाबा, ते लिंबू दे जरा."

किब्वानानं लिंबाची फोड उचलून पुढं केली. ती हातातून निसटली, त्या पोराच्या धुतलेल्या विजारीवर पडून घरंगळत गेली. पोरानं त्याला आईवरून शिवी दिली.

"जाऊ दे रे," मासा उलटत म्वान्तुमु म्हणाली. "त्याचे हात तसेच आहेत. लिंबू मला मागायचं."