पपईनं खाल्लेलं मटण

आमच्या सासरी मटण वाढतात. त्या एका रविवारी ते ओतावं लागलं.

लग्नाला वर्ष झालं नव्हतं. मी जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी., आणि कोल्हापुरातच कॉलेजात शिकवायची नोकरी चालून आलेली. सासरे म्हणाले, "मामास्नी विचारू." मामा म्हणजे सासूबाईंचे थोरले भाऊ, राधानगरीचे जुने पैलवान. त्यांच्या होकाराशिवाय आमच्याकडं रंगीत टीव्हीसुद्धा आला नव्हता. ते रविवारी जेवायला येणार होते आणि मटण मी करायचं होतं. (म्हणजे नोकरीची मुलाखत गॅसवरच!)

"मटण चिवट का होतं, माहितीय?" मी सासूबाईंना म्हटलं. (त्यांनी विचारलं नव्हतं.) "पेशीत एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, फुटतं आणि त्याची ऊर्जा तिथल्या तिथं दुसऱ्या कामाला जुंपली जाते. स्नायूला आखडायला एटीपी लागतं, सैल सोडायलाही लागतं. बकरं गेलं की एटीपी संपतं, मग स्नायूंचे धागे एकमेकांना धरून बसतात!"

"आगं बया! मग?"

"मग एन्झाइम! कच्च्या पपईत असतं. प्रथिनं कापत सुटतं आणि स्वतः खर्चच होत नाही. चमचाभर लावायचं, अर्ध्या तासात शिजायला टाकायचं."

चमचाभर हा शब्द माझ्या सासरी कुणी मनावर घेत नाही. मी पपई लावली ती चमचाभरच. पण माझी पाठ वळताच सासूबाईंनी "दादाचे दात हलत्यात" म्हणून वाटीभर लावली. नवऱ्यानं, बायकोच्या नोकरीच्या काळजीनं, उरलेली अख्खी पपई किसून कालवली. त्यात राधानगरीची एसटी वाटेत बंद पडली. सासूबाई म्हणाल्या, "टाकू का शिजाय?" मी म्हटलं, "राहू द्या, मामा आल्यावर गरमागरम करू. तेवढंच आणखी मऊ पडेल!"

पडलं. मामा आले, मी घाईनं झाकण काढलं, तर पातेल्यात खीर! मधूनमधून घासल्यासारखी स्वच्छ हाडं. रडू फुटायचं बाकी होतं. पण मसाला घातला, उकळी आणली आणि देवाचं नाव घेऊन वाढलं.

मामांनी भुरका मारला. "रस्सा झ्याक हाय. पीस वाढ की."

"मामा... पीस रश्श्यातच आहेत."

मामांनी स्वतः पळी फिरवली. हाड वर आलं. त्यांनी ते उजेडात धरलं. "ह्याचं मटण कुठं गेलं?"

घाबरले की मी शिकवायला लागते. एटीपीपासून पपईपर्यंत सगळं सांगितलं. मामांचा घास हातातच राहिला. सासूबाई माझ्याकडं बघत होत्या आणि नवरा छताकडं. नोकरी गेली, हे मला कळून चुकलं.

मामा सासऱ्यांकडं वळले. "दाजी, पोरीला नोकरी करू द्या."

सासऱ्यांना भरूनच आलं. "व्हय? झ्याक शिकवती न्हवं?"

"ते मला काय कळतंय? पर उद्याच्याला धाडा. आणि रविवारी बी कालेज उघडं असतंय का, तेवढं बघा!"